या जेवायला

१

माझा मुलगा नकुल अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात राहतो. गाड्यांच्या ब्रेकचं काहीतरी डिझाइन करतो. मीनाक्षी, म्हणजे माझी बायको, गेल्यापासून उन्हाळ्यात तो मला पाच-सहा महिने इकडं घेऊन येतो. इथं मला दोन कामं. नात अनिका शाळेतून आली की तिला खायला द्यायचं आणि कुत्र्याला फिरवून आणायचं. कुत्र्याचं नाव वॅफल. ते माझ्या तोंडी बसत नाही, मी वाफळ्या म्हणतो. तोही त्याच नावाला जास्त येतो, म्हणून अनिका माझ्यावर रुसते.

यंदा जुलैत नकुलनं एक घरगाडी भाड्यानं घेतली. ते सगळे तिला आरव्ही म्हणतात. आत शेगडी, फ्रिज, बिछाने, आणि खिडकीशी एक टेबल. टेबलाच्या दोन बाजूंना गादीची दोन बाकं. दोघं इकडं, दोघं तिकडं. कुत्र्याची वाटी दाराशी. बोटीनं मिशिगन सरोवर ओलांडायचं, पलीकडं विस्कॉन्सिनमध्ये झाडीत चार दिवस राहायचं आणि बोटीनंच परत यायचं, असा बेत होता. जेवणाचं काम मी मागून घेतलं.

मी कराडला मुलांच्या एका होस्टेलच्या मेसमध्ये एकतीस वर्षं वाढपी होतो. शिक्षण चौथीपर्यंत. डाव्या हातात आमटीची बादली, उजव्या हातात ओगराळं, एवढंच मला येतं. पण त्या कामात हाताला एक सवय लागते. पंगत बसली की डोळ्यांच्या आधी हात मोजतात. किती ताटं उचलायची ते हाताला कळतं. माझं कधी एक ताट जास्त झालं नाही, कमी झालं नाही.

२

बोटीच्या पोटात गाड्या उभ्या करतात. नकुलनं घरगाडी आत घातली तेव्हा दोन्ही बाजूंना ट्रक होते आणि मध्ये माणूस अंग चोरून जाईल एवढीच जागा. डिझेलचा वास, वर पिवळे दिवे. नियम असा की सगळ्यांनी वर जाऊन बसायचं. कुत्रा गाडीतच ठेवायचा. बोट सुटली की खाली यायच्या जिन्याला साखळी लावतात, मग चार तास खाली कुणी येऊ शकत नाही.

मला साखरेची गोळी असते, ती उपाशीपोटी चालत नाही. मी नकुलला म्हटलं, तुम्ही वर जागा धरा, मी दोन घास खातो, वाफळ्याला पाणी ठेवतो आणि येतो. सूनबाई, आश्लेषा, म्हणाली की बाबा, दहा मिनिटांत या हं. ती तिघं गेली.

दहीभात आणि कैरीचं लोणचं घेऊन मी टेबलाशी बसलो. तिसरा-चौथा घास असेल. खिडकीबाहेर, दोन ट्रकांच्या फटीत एक माणूस उभा होता. अंगात काळं जाकीट, आणि ते ओलं होतं. बाहेर कडक ऊन होतं, पण मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. तो माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या ताटाकडं बघत होता.

आपण जेवत असताना कुणी समोर आलं तर आपण काय म्हणतो, तेच मी म्हणालो.

"या जेवायला."

यात काही विचार नसतो. समोरचा 'होऊ द्या' म्हणतो आणि पुढं जातो. मी हे हजारो वेळा म्हटलं असेल, आणि हजारो वेळा मला 'होऊ द्या' ऐकू आलं असेल. कुणी लगेच येऊन बसत नाही. दोघांनाही ते माहीत असतं.

काच बंद होती. तो माणूस इथला, त्याला मराठी कुठून कळणार. पण त्यानं मान हलवली. सावकाश, एकदा, खाली आणि वर. हो म्हणून.

तेवढ्यात नारिंगी बंडीतल्या बोटीच्या माणसानं दारावर थाप मारली आणि वर जायची खूण केली. मी गोळी गिळली, अर्धं ताट तसंच टेबलावर ठेवलं आणि निघालो. नेहमी मी निघालो की वाफळ्या दारापर्यंत येतो. तो आला नाही. ड्रायव्हरच्या सीटखाली शिरून टेबलाकडं तोंड करून बसला होता.

दार मी लावलं होतं. हे मला पक्कं आठवतं.

३

पलीकडं उतरून घरगाडीत शिरलो तेव्हा माझं ताट रिकामं होतं. आश्लेषा हसली, म्हणाली, वॅफलनं आज मेजवानी केली. नकुलनं त्याला लाडानं एक चापट मारली.

मी ताट उचलून बेसिनपाशी नेलं आणि तसाच थांबलो.

कुत्र्यानं चाटलेलं ताट मी खूप वेळा बघितलंय. ते सगळीकडून सारखं ओलं असतं, आणि बहुतेक वेळा खाली पडलेलं असतं. हे ताट जागच्या जागी होतं. दहीभात बोटांनी निपटून घेतलेला, पाच बोटांच्या रेघा दिसत होत्या. लोणच्याच्या फोडीतली कोय चोखून ताटाच्या कडेला नीट ठेवलेली होती. ज्याला जेवायची रीत माहीत आहे असा माणूस ठेवतो तशी.

मी स्वतःच कोय काढून ठेवली असेल, असं मी मनाला सांगितलं. म्हातारा झालोय. पण मी लोणच्याला हात लावला नव्हता. ते मी शेवटी खातो.

वाफळ्याची वाटी भरलेली होती तशीच होती. बाकावरची गादी माझ्या समोरच्या बाजूला ओली होती. अनिका तिथं बसली आणि लगेच उठली.

"ईऽ, वॅफलनं सूसू केली," ती म्हणाली.

मी गादी हुंगली. सूसूचा वास नव्हता. थंड पाण्याचा होता. विहिरीत खाली वाकलं की येतो तसा.

४

मुक्कामाची जागा छान होती. सूचिपर्णी झाडं, मध्ये वाळूची वाट, खाली सरोवर. पहिल्या संध्याकाळी मी पिठलं-भात केला. ताटं मांडली, वाढायला घेतलं, तर अनिका म्हणाली,

"आबा, हे कोणाचं?"

मी पाच ताटं मांडली होती.

नकुल म्हणाला, बाबा अजून मेसमध्येच आहेत. सगळे हसले, मीही हसलो आणि पाचवं ताट उचलून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्याच्या बश्या काढल्या, त्या पाच. दुपारी मी मुद्दाम मोठ्यानं मोजलं, एक, दोन, तीन, चार, आणि टेबलाकडं वळून बघितलं तर पाच. हात ऐकेनात. एकतीस वर्षं ज्या हातांवर विश्वास टाकला ते खोटं बोलत असतील, असं मला म्हणवेना.

भात पुरेनासा झाला. चौघांचा भात किती लागतो हे मला विचारायला नको. मी पातेलं चढवायचो ते मापानं, आणि शेवटी तळाशी काही नसायचं. आश्लेषा म्हणायची, मोकळ्या हवेत भूक लागतेच. पण तिच्या ताटातही कमी असायचं, नकुलच्याही. मी वाढायचो ते जात कुठं होतं?

वाफळ्या खात नव्हता. वाटी मात्र रोज रिकामी व्हायची. मी दाराशी बसून पहारा दिला. तो वाटीकडं बघायचा, मग वाटीच्या वर, माणसाचं तोंड असतं त्या उंचीवर बघायचा आणि मागं सरकायचा. मी पाणी आणायला म्हणून वळलो. पुन्हा बघितलं तर वाटी स्वच्छ, आणि वाफळ्या होता तिथंच. तिसऱ्या दिवशी त्याच्या बरगड्या हाताला लागायला लागल्या. तीन दिवसांत कुत्रा एवढा झडत नाही. मी त्याला मांडीवर घेतलं तर त्याचं वजन अनिकाच्या दप्तराएवढं वाटलं.

मी हातानं भरवलं की तो जिभेनं चाटायचा, पण माझ्या खांद्यामागं बघत. मग तोंड मिटायचा.

अनिका रडत नव्हती. त्याचीच मला भीती वाटली. ती आपल्या ताटातली अर्धी पोळी मोडून बाकाच्या कोपऱ्यात ठेवायची, जिथं गादी अजून वाळत नव्हती. कुणाला ठेवतेस, मी विचारलं.

"ही इज ऑलवेज हंग्री, आबा. इफ आय गिव्ह हिम माइन, ही'ल लीव्ह वॅफल'स."

मी आवाज जपून विचारलं, कोण गं?

तिनं खांदे उडवले. मला काय विचारतोस, तूच तर बोलावलंस, अशा नजरेनं माझ्याकडं बघितलं.

त्या दिवशी मी तिला एक गोष्ट शिकवली. वाढणारा समोर आला आणि आपल्याला नको असेल तर ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे. मग कुणीही असो, त्याला वाढता येत नाही आणि घेताही येत नाही. दुसरा भाग मी माझ्या मनानं घातला. ती तळवे पसरून चार वेळा करून बघत राहिली.

५

नकुलनं फोनवर जनावरांच्या डॉक्टरला विचारलं. प्रवासाचा ताण असेल, घरी आणा, बघू, असं तो म्हणाला. एक दिवस आधीच निघायचं ठरलं. मी म्हटलं, रस्त्यानं जाऊ. बोट नको.

नकुल म्हणाला की शिकागोच्या ट्रॅफिकमधून एवढं धूड न्यायचं म्हणजे सात-आठ तास. बोटीचं तिकीट बदलून मिळतंय. मी पुन्हा म्हटलं, रस्त्यानं जाऊ. मी मुलाकडं सहसा काही मागत नाही. त्यामुळं तो थांबला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"काय झालंय, बाबा?"

"मी एकाला जेवायला बोलावलंय," मी म्हणालो. "येताना. खाली, गाड्यांपाशी. तो हो म्हणाला."

"कोण?"

"नाव विचारलं नाही."

नकुलनं आश्लेषाकडं बघितलं. ती नजर मला ओळखता येते. मीनाक्षीच्या शेवटच्या वर्षात मी डॉक्टरकडं तसंच बघायचो. आश्लेषा माझ्याजवळ आली आणि फार मायेनं म्हणाली,

"बाबा, तुमच्या गोळ्या वेळेवर चालल्यात ना? साखर लो झाली की असं होतं."

तिचं खरं असेल. मी स्वतःला तेच म्हणत होतो. साखर उतरली की माणूस काहीही बघतो. पण साखर माझी उतरली तर कुत्रा का वाळावा? हे मी बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी मला जपलं असतं आणि अनिकाला कुणी जपलं नसतं. मी एवढंच म्हटलं की बोटीवर अनिका माझ्याशेजारी बसेल. नकुल लगेच हो म्हणाला. माझी एक तरी मागणी पुरवता आली, याचं त्याला बरं वाटलं.

६

दुपारची बोट होती. सरोवर शांत होतं. अनिका माझ्याशेजारी खिडकीला बसली होती, मी तिचं मनगट धरून होतो. आश्लेषाला बोट लागली होती, ती डोळे मिटून पडली होती. नकुल कॉफीच्या रांगेत.

माझा डोळा लागला. हे लिहायला हात जड होतो, पण तेच खरं आहे. पाच मिनिटं असतील.

उठलो तर माझी मूठ मिटलेली होती आणि आत काही नव्हतं. आश्लेषाच्या पर्सची चेन उघडी होती. घरगाडीची दुसरी किल्ली त्यात असायची.

मी जिन्याकडं गेलो. साखळी काढून एका बाजूला खिळ्याला अडकवलेली होती. खाली उतरताना मी वाफळ्याचं भुंकणं ऐकलं. एकदा, दोनदा, आणि मग ते मध्येच थांबलं. मला वाटतं मी पळालो. या गुडघ्यांनी किती पळणार. गाड्यांच्या मधून अंग चोरून सरकत होतो आणि दोन्हीकडच्या पत्र्यांवर माझा श्वास परत येत होता.

घरगाडीच्या खिडकीत दिवा होता. मी तशाच फटीत उभा होतो, दोन ट्रकांच्या मध्ये, येताना तो उभा होता तशा. तिथून टेबल बरोबर दिसतं.

अनिका माझ्या नेहमीच्या जागी बसली होती. वाफळ्या तिच्या मांडीवर, फडकं पडावं तसा. तिच्यापुढं ताट होतं आणि तिनं त्यावर दोन्ही हात आडवे धरले होते. बोटं पसरलेली. किती वेळ धरून होती कोण जाणे.

तिच्यासमोर तो बसला होता, पाठ अर्धी माझ्याकडं वळवून. काळं ओलं जाकीट. त्याच्यापुढं आमची सगळी भांडी होती, पातेलं, डबे, वाफळ्याची वाटी, आणि सगळी स्वच्छ. तो अनिकाच्या ताटाकडं बघत नव्हता. ताटावरच्या हातांकडं बघत होता.

मी काचेवर हात ठेवला. त्यानं मान वळवली, पण पुरती नाही. गाल दिसला. तो चावत होता, तोंडात काही नसताना.

"या जेवायला," तो म्हणाला.

आवाज माझा होता. माझाच, सवयीचा, विचार न करता बोललेला.

होऊ द्या. हे शब्द माझ्या तोंडात आलेच. सत्तर वर्षांची सवय. दात मिटून मी ते अडवले. कारण मी होऊ द्या म्हटलं असतं, तर आत जे चाललं होतं ते मी होऊ दिलं असतं.

"आलो," मी म्हणालो.

दार उघडंच होतं. मी आत गेलो आणि अनिकाच्या शेजारी बाकावर टेकलो. तिच्या हातांवर हात ठेवून ते हळूच बाजूला घेतले आणि तिचं ताट माझ्यापुढं ओढलं.

"ऊठ, बाळा. वाफळ्याला घे आणि वर जा. आईपाशी."

"बट ही'ज नॉट डन, आबा."

"मी बसतो ना त्यांच्याबरोबर."

ती माझ्या पाठीमागून सरकून उतरली. तिची पावलं जिन्यावर वाजेपर्यंत मी खाली बघत होतो. मग ताटात बघितलं. ताटात काय होतं ते मी लिहिणार नाही. मी जेवलो. चव ओळखीची होती.

समोर तोंड वर करून मी एकदाही बघितलं नाही. बोट लागली आणि नकुल धापा टाकत दारात आला तेव्हा समोरचं बाक रिकामं होतं. गादीला मी हात लावून बघितला. कोरडी होती.

माझ्या खालची ओली होती.

७

आम्ही नोव्हायला परत येऊन सात आठवडे झाले. वाफळ्या आता खातो. पंधरा दिवसांत भरला. फिरवायला मात्र त्याला नकुल नेतो, कारण मी पट्टा हातात घेतला की तो सोफ्याखाली जातो आणि तिथून माझ्याकडं बघतो. मी त्याला रागावत नाही. शहाणा कुत्रा आहे.

डॉक्टर म्हणाले माझी साखर उत्तम आहे. वजन उतरतंय, ते का ते त्यांना कळत नाही. पहिल्या आठवड्यात मी घरात जेवत होतो. पोट भरत नव्हतं, तेवढं मी सोसलं असतं. पण एका दुपारी अनिका समोर बसून पोळी खात होती आणि माझ्या लक्षात आलं, मी तिच्या ताटाकडं बघत नाहीये. हातांकडं बघतोय.

तेव्हापासून मी मागच्या अंगणात, लाकडी डेकवर बसतो. जेवायच्या वेळेला तर नक्कीच. काचेच्या दारातून ती तिघं टेबलाशी दिसतात. नकुल रोज बोलावतो, आश्लेषा रोज बोलावते. मी दोघांनाही होऊ द्या म्हणतो. हसून म्हणतो. त्यांना वाटतं म्हातारा रुसलाय. मी उठलो की खुर्चीची गादी ओली असते. आश्लेषा म्हणते दव पडतं. ऑगस्टच्या दुपारी.

ही वही मी डेकवरच लिहितो. आज शनिवार. आतून वरणाला फोडणी दिल्याचा वास आला आणि माझं तोंड आपोआप हलायला लागलं. मी ते हातानं धरून ठेवलं.

मग दार सरकलं. आजवर अनिकानं मला कधी बोलावलं नव्हतं. आईनं सांगितलं असेल, तू बोलाव, तुझं ऐकतील. ती उंबऱ्यावर उभी राहिली, माझ्याकडून शिकलेलं नीट आठवून, एकेक अक्षर मोजत म्हणाली,

"आबा, या जेवायला."

दोन शब्द मी तोंडात तयार ठेवले होते. तोंड उघडलं. ते आले नाहीत.

माझी मान हलली. सावकाश, एकदा, खाली आणि वर.

अनिका केवढी खूश झाली. ताट मांडायला आत पळाली. वाफळ्या उंबऱ्यात येऊन उभा आहे, अंगावरचे केस ताठ, माझ्याकडं तोंड करून. एवढासा कुत्रा. मी त्याला मनातल्या मनात म्हणतोय, हलू नको, बाबा, तिथंच थांब.

आत ताटं वाजतायत. दार तिनं उघडंच ठेवलंय.